दडे, ठळ्या आणि कानोसा

आमच्या माळवदाच्या घरात एक पत्र्याची पेटी आहे. तिच्यात सातबाराचे जुने उतारे, आईची मोरणी आणि अण्णांचे कानाचे मशीन आहे. काडेपेटीपेक्षा थोडे मोठे, खिशात ठेवायचे, पेन्सिल सेलवर चालणारे, एक वायर आणि एक बोंडूक. अण्णांनी ते अकरा दिवस लावले आणि नंतर जे पेटीत टाकले ते कायमचे. ते माजलगावकडच्या एका जिनिंगमध्ये तेवीस वर्षे रेच्यावर उभे होते. मशीन एका शिबिरात मिळाले. रांग मोठी होती. कानात कोणी डोकावले नाही. बोंडूक घातले, बटण फिरवले, विचारले, "बाबा, ऐकू येतंय का?" अण्णा म्हणाले, "येतंय." अंगठा झाला आणि पुढचा माणूस आला.

त्या काळी माझे रेडिओ-टेप दुरुस्तीचे दुकान होते. मशीन उघडून पाहिले तर त्यात काहीही बिघाड नव्हता. आवाज चांगला वाढत होता. मग ज्याला आवाज हवा त्याला तो नकोसा का व्हावा? या एका प्रश्नापायी मी गेली पंचवीस वर्षे कानाबद्दल मिळेल ते वाचत आलो. मी डॉक्टर नाही, श्रवणतज्ज्ञही नाही, आणि कोणाच्या कानात मशीन बसवत नाही. पण या कामाच्या शिक्षणाला जाऊ पाहणारी आसपासची काही मुले-मुली माझ्याकडे येतात. त्यांना पहिले काही आठवडे मी जे सांगतो, तेच इथे मांडतो आहे.

सुरुवात मी आपल्याच भाषेपासून करतो. सरकारी अर्जावर 'कर्णबधिर' असा एकच शब्द असतो. घरात मात्र आपण निरनिराळे बोलतो. सर्दीत कानाला दडे बसतात. पोराचा कान फुटतो, मग वाहतो. फटाक्याने कानठळ्या बसतात. म्हाताऱ्याच्या कानात कोणीतरी सारखे गुणगुणते. आणि दाराबाहेर पाऊल वाजले की आपण कानोसा घेतो. हे सारे बोलण्यातले अलंकार वाटतात, पण प्रत्येक शब्द कानाच्या वेगळ्या जागेकडे बोट दाखवतो. सुश्रुताने उत्तरतंत्रात कानाचे अठ्ठावीस रोग सांगितले, त्यांतही कर्णशूल, कर्णस्राव, कर्णनाद आणि बाधिर्य यांची गल्लत केलेली नाही. मशीन बसवणाऱ्याने आधी हे ओळखायला हवे की तक्रार दड्याची आहे की ठळ्यांची. अण्णांना कोणी तेवढे विचारले नव्हते.

आधी दडे पाहू. कानाची पाळी आणि भोक हे तर दिसतेच. भोकातून आत गेलेली नळी मोठ्या माणसात साधारण अडीच सेंटिमीटर लांब असते, आणि ती सरळ नसते. तिला दोन वळणे असतात, म्हणून कान पाहताना मोठ्या माणसाची पाळी वर आणि मागे ओढावी लागते. नळीचा बाहेरचा भाग कूर्चेचा आणि आतला हाडाचा. मळ बाहेरच्या भागातच तयार होतो आणि बहुधा आपोआप बाहेर सरकतो. किल्ली, काडी, केसांचा आकडा घालून आपण तो आत ढकलतो. नळीच्या आतल्या कातडीला एक अशी नस येते की तिथे स्पर्श झाल्यावर काहींना एकदम खोकला येतो. कानाला हात लावला आणि माणूस का खोकतो हे शिकाऊ मुलाला पहिल्या दिवशीच कळले पाहिजे, नाहीतर तो घाबरून हात झटकतो, आणि हातात अवजार असते.

नळीच्या शेवटी पडदा असतो. पडद्यामागे हवेची छोटी खोली, आणि तिच्यात शरीरातली सर्वांत लहान तीन हाडे: हातोडी, ऐरण आणि रिकीब. रिकीब जेमतेम तीन मिलिमीटरची. ही हाडे कशासाठी, हे समजायला विहिरीत सूर मारलेला असावा लागतो. पाण्याखाली गेल्यावर काठावरच्या पोरांचा गलका नाहीसा होतो, कारण हवेतला आवाज पाण्यावर आपटून बहुतेक सगळा परत फिरतो. आपल्या आतल्या कानात पाणीच भरलेले आहे. त्यामुळे हवेतला आवाज पाण्यात शिरवण्यासाठी कोणीतरी जोर लावावा लागतो. पडद्याचा कामाचा भाग रिकिबीच्या तळव्यापेक्षा सुमारे सतरा पट मोठा आहे. मोठ्या पृष्ठावरचा दाब छोट्या पृष्ठावर एकवटतो. त्यात हाडांच्या तरफेची थोडी भर पडून दाब वीस-बावीस पट होतो. पहार आणि खिळा यांचेच हे गणित.

या खोलीला नाकाच्या मागून एक नळी येते. आवंढा गिळला की ती क्षणभर उघडते आणि पडद्याच्या दोन्ही बाजूंचा दाब सारखा होतो. सर्दीने ती सुजली की दाब बिघडतो, पडदा आत ओढला जातो, आणि आपण म्हणतो दडे बसले. लहान मुलात ही नळी आखूड आणि आडवी असते. आडवे निजवून बाटलीने दूध पाजले, सर्दी अंगावर काढली, तर नाकातले जंतू सहज कानात चढतात. खोलीत पू साठतो, पोर रात्रभर रडते, सकाळी पडदा फुटतो. पू बाहेर आला की ठणका थांबतो आणि घरच्यांना बरे वाटते. आजार मात्र तिथूनच सुरू होतो.

आपल्या जिल्ह्यात याचे वेळापत्रक ठरलेले आहे. दसरा झाला की कोयते निघतात. दिवाळीच्या सुमारास धारूर, वडवणी, केज, पाटोदा, शिरूर या भागांतल्या वस्त्या ओस पडू लागतात, आणि पुढचे पाच-सहा महिने लेकरे फडाकडेच्या कोपीत असतात. पहाटेची थंडी, चुलीचा धूर, पाचटाची धूळ. कान वाहायला लागला तर दवाखाना कोणत्या जिल्ह्यातला आणि कोणत्या दिवशी? हप्ता पडला तर पहिल्या खेपेचे औषध मिळते, दुसऱ्या खेपेला टोळी पुढच्या फडावर गेलेली असते. लसूण कढवलेले तेल कानात पडते. पडदा फुटलेला असेल तर ते तेल थेट आतल्या खोलीत जाते. मी आजीबायांना दोष देत नाही. दवाखाना जवळ असता तर त्यांनी तेल तापवले नसते.

वाहत्या कानाचे बहिरेपण बहुतेकदा औषधाने किंवा शस्त्रक्रियेने कमी करता येते. म्हणून माझ्याकडच्या मुलांना मी पहिला नियम असा पाठ करायला लावतो की वाहत्या कानात मशीन बसवायचे नाही, आधी कान-नाक-घशाच्या डॉक्टरकडे पाठवायचे. ठणका असेल, चक्कर येत असेल, एकाच कानाने कमी येत असेल, तरीही तेच. आणि कोणी म्हणाले की परवा रात्रीपासून अचानक एका कानाने ऐकू येईना, तर उद्यावर ढकलायचे नाही, त्याच दिवशी पाठवायचे. अशा कानात उपचाराचे पहिले काही दिवसच मोलाचे असतात. तिथे मशीन विकणाऱ्याने गिऱ्हाईक मिळवलेले असते आणि माणसाने कान गमावलेला असतो.

दडे आणि ठळ्या यांतला फरक वाचकांनाही आत्ता करून पाहता येईल. एका कानात बोट घाला आणि तोंड मिटून हुं असा सूर धरा. आवाज बोट घातलेल्या कानात जास्त येतो. बाहेरचा रस्ता बंद झाला की हाडांतून आलेला स्वतःचा आवाज त्या बाजूला मोठा वाटतो. एकोणिसाव्या शतकात वेबर आणि रिने या दोन जर्मनांनी नादकाटा कपाळावर आणि कानामागच्या हाडावर टेकवून याच गमतीची परीक्षा बनवली. ती आजही दवाखान्यात होते. म्हणूनच दडे बसलेला माणूस हळू बोलतो, कारण त्याला स्वतःचा आवाज खणखणीत ऐकू येतो. आतला कान गेलेला माणूस ओरडून बोलतो. आमचे अण्णा शेजारच्या गल्लीला ऐकू जाईल असे बोलत. निदान त्यांच्या बोलण्यातच होते.

आता आतला कान. शाळेच्या पुस्तकात त्याला कर्णावर्त म्हणतात. गोगलगायीच्या शंखासारखे अडीच-पावणेतीन वेढे, उलगडले तर साधारण पस्तीस मिलिमीटर. त्यात पाणी, आणि पाण्यात लांबलचक पातळ पट्टी. पट्टीवर दाटीने बसलेल्या सुमारे पंधरा हजार केसपेशी. पट्टीचे रिकिबीकडचे टोक अरुंद आणि ताठ, ते बारीक उंच आवाजांना हलते. शंखाच्या शेंड्याकडचे टोक रुंद आणि सैल, ते ढोलासारख्या जाड आवाजांना हलते. म्हणजे कोणता सूर आला हे पट्टीवरच्या जागेवरून ठरते. हे मृत माणसांच्या कानांत सूक्ष्मदर्शकाखाली पाहून दाखवले ते जॉर्ज फॉन बेकेशी यांनी. ते बुडापेस्टच्या टपाल खात्याच्या प्रयोगशाळेत टेलिफोनचे काम करणारे भौतिकशास्त्रज्ञ होते. चांगला टेलिफोन करायचा तर कान कसा ऐकतो ते कळायला हवे, एवढ्यावरून ते कानात शिरले आणि १९६१ साली वैद्यकाचे नोबेल घेऊन बाहेर आले. रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला हे वाचून किती धीर आला असेल, सांगायला नको.

केसपेशी दोन प्रकारच्या. आतली रांग, सुमारे साडेतीन हजार, मेंदूला निरोप धाडते. बाहेरच्या तीन रांगा, सुमारे बारा हजार, वेगळे काम करतात. हळू आवाज आला की त्या स्वतः आखडतात, लांबतात आणि पट्टीचे हलणे वाढवतात. म्हणजे कानात निसर्गानेच अँप्लिफायर बसवला आहे. या हालचालीचा बारीक आवाज कानातून बाहेरही येतो. डेव्हिड केम्प यांनी तो १९७८ मध्ये नोंदवला, आणि आज नवजात बाळाच्या कानात छोटा माईक ठेवून त्यावरूनच पहिली तपासणी होते.

मोठ्या आवाजाने आधी याच बाहेरच्या पेशी मरतात. लग्नाच्या वरातीत डीजेपुढे नाचून आले की कान सुन्न होतात, सकाळी मोकळे होतात. कानठळ्या बसल्या आणि सुटल्या, असे आपण म्हणतो. दरवेळी थोड्या पेशी परत उठत नाहीत. कोंबडीच्या कानात केसपेशी नव्याने उगवतात, माणसाच्या नाही. कारखान्यांच्या नियमांत ९० डेसिबलला आठ तास ही मर्यादा आहे. आवाज पाचाने वाढला की तास निम्मे: ९५ ला चार, १०० ला दोन. जिनिंगमध्ये रेच्यावर उभ्या असलेल्या माणसाला हे कोणी सांगितले नव्हते. परळीच्या वीज केंद्रात, खडी केंद्रावर, सायलेन्सर गेलेल्या ट्रॅक्टरवर तरी किती जणांच्या कानात बोळे असतात, हे वाचकांनी येता-जाता पाहावे. फटाक्यांनाही कायदा आहे. चार मीटरवर १२५ डेसिबलहून जास्त आवाजाचा फटाका विकायला बंदी आहे.

आवाजाने गेलेल्या कानाचा आलेख ओळखू येतो. ४००० हर्ट्झपाशी तो खड्ड्यात पडल्यासारखा खाली जातो आणि पुढे थोडा वर येतो. कानाची नळीच ३००० च्या आसपासचे आवाज वाढवून आत पाठवते, म्हणून मार तिथल्या पेशींना बसतो. वयाने गेलेला कान असा खड्डा दाखवत नाही, उताराच्या रस्त्यासारखा उंच सुरांकडे घसरत जातो. अण्णांना दोन्ही होते, वय आणि जिनिंग.

साहित्याच्या वाचकाने इथे थोडे थांबावे, कारण आता मराठीचा प्रश्न आहे. बोलण्यातला जोर स्वरांत असतो, आणि स्वरांचा मोठा हिस्सा खालच्या सुरांत असतो. अर्थ मात्र व्यंजनांत असतो. त्यांतली स, श, फ, थ, ख, च ही मंडळी नुसत्या हवेच्या झोतावर जगतात. हा झोत दुबळा आणि उंच सुरांचा. आलेख उजवीकडे घसरलेल्या माणसाला 'चहा ठेवू का' हे 'अआ एऊ आ' असे पोचते. आवाज पोचतो, शब्द पोचत नाही. पाट आणि पाठ, ताट आणि थाट यांत फरक आहे तो फुंकरीएवढा. 'गुरं चार' आणि 'चार गुरं' यांतला च लिहिताना एकच, बोलताना दोन. सगळा फरक फुसफुसण्याच्या जातीत. घरात पुरुषाचे ऐकू येते आणि नातवाचे येत नाही, तेही यामुळेच, कारण लेकराचा आवाज मुळात उंच. मग सून म्हणते, 'आबांना कामाचं ऐकू येत नाही, पैशाचं बरोबर येतं.' बिचाऱ्याला विषय ठाऊक असला की गाळलेल्या जागा भरता येतात, एवढेच त्याचे गुपित. उरलेले तो ओठांवरून वाचत असतो. करोनात सगळ्यांनी तोंडे झाकली तेव्हा आपल्याला कमी ऐकू येते हे कित्येकांना प्रथमच कळले.

अण्णांचे दुसरे कोडेही इथेच सुटते. मी हळू बोललो की ते म्हणत, "मोठ्यानं बोल की." जरा मोठ्याने बोललो की, "वरडतो कशाला? मला काय बहिरा समजला का?" मी वर्षानुवर्षे याला हट्ट समजलो. बाहेरच्या केसपेशी मेल्या की हळू आवाज पोचत नाही, पण मोठा आवाज पूर्वीइतकाच मोठा लागतो. ऐकू न येणे आणि सहन न होणे यांच्यामधली पट्टी अरुंद होते. त्यांचे खिशातले मशीन भांड्याचा आवाज, पंख्याची घरघर आणि माझे बोलणे सगळे सारखेच वाढवत होते. त्यांना हवे होते ते हळू आवाजाला जास्त आणि मोठ्याला कमी उचलणारे, खालचे सूर न फुगवता वरचे सूर देणारे मशीन. आजची डिजिटल मशीन हे करतात, पण आलेख काढून त्यांना ते सांगावे लागते. आलेख न काढता दिलेले महागडे मशीनही शेवटी पेटीतच जाते.

आलेख काढताना माणूस हेडफोन लावून बसतो आणि बारीक सूर ऐकू आला की बोट वर करतो. एकदा हवेतून, एकदा कानामागच्या हाडावर थरथरणारी टिकली लावून. दोन्ही रेषा सारख्याच खाली असतील तर दोष आत, हाडाची वर आणि हवेची खाली असेल तर दोष बाहेर. पण ही परीक्षा माणसाच्या उत्तरावर चालते, आणि उत्तर खोटे देता येते. बीड जिल्हा परिषदेतल्या शिक्षकांच्या दिव्यांग प्रमाणपत्रांची फेरतपासणी आणि त्यानंतरची निलंबने २०२३ मध्ये राज्यभर गाजली, ते वाचकांना आठवत असेल. सर्वच प्रमाणपत्रे कानाची नव्हती. पण डोळ्यांना न दिसणारे अपंगत्व खोटे सांगणे सोपे, हे सगळ्यांना ठाऊक होते. त्यावर उपाय आहे. डोक्याला तारा चिकटवून कानात टिकटिक सोडली की मेंदूच्या देठात पहिल्या दहा मिलिसेकंदांत ठराविक लाटा उठतात. त्या झोपलेल्या बाळातही मोजता येतात आणि न ऐकण्याचे सोंग घेतलेल्या मोठ्या माणसातही. मुकुंदराजांचे म्हणून आपण ज्या अंबाजोगाईला ओळखतो, तिथल्या वैद्यकीय महाविद्यालयाच्या ओट्यावर कागदांची पिशवी घेऊन बसलेली माणसे मी पाहिली आहेत. सोंगे करणाऱ्यांचा संशय आता त्यांच्याकडे वळतो.

२०१६ च्या कायद्यात बोलण्याच्या सुरांत दोन्ही कानांनी ७० डेसिबलची घट असेल तर बधिर, ६० ते ७० असेल तर ऐकण्यास कमी, अशी व्याख्या आहे. पन्नास-पंचावन्नवाला त्यात बसत नाही. घरातले बोलणे साधारण साठ डेसिबलचे. म्हणजे कागदोपत्री धड असलेल्या या माणसाला समोरचे बोलणे कसेबसे आणि पाठीमागचे मुळीच नाही. अण्णा इथलेच असावेत, असा माझा अंदाज. आलेख कधी निघालाच नाही.

लहानग्यांची गोष्ट वेगळी, आणि अधिक घाईची. बाळाची तपासणी पहिल्या महिन्यात, निदान तिसऱ्यापर्यंत, मशीन सहाव्यापर्यंत, असा जगभरचा दंडक आहे. आपल्याकडे 'बापही उशिराच बोलला होता' म्हणून तीन वर्षे जातात. मामाच्या मुलीशी लग्न ही आपल्या भागात कौतुकाची सोयरीक. पण दोन्हीकडून एकच लपलेला दोष आला की बहिरे मूल जन्मण्याची शक्यता वाढते, हे सोयरीक जुळवताना कोणी काढत नाही.

राहिला कानोसा. तो कान घेत नाही, मेंदू घेतो. दहा वर्षे ज्याला पंख्याची घरघर ऐकू आली नाही, त्याचा मेंदू तिच्याकडे काणाडोळा करायला विसरलेला असतो. पहिल्या दिवशी वर्तमानपत्राचे पान उलटले तरी त्याला कागद फाटल्यासारखे वाटते. म्हणून पहिला आठवडा शांत घरात दोन-तीन तास, मग ओसरीवर, मग पारावर, बाजारात सर्वांत शेवटी. हे मशीनच्या डब्यावर लिहिलेले नसते. बसवणाऱ्याने सांगायचे असते आणि तीन आठवड्यांनी परत बोलावून विचारायचे असते. अण्णांचे अकरा दिवस हे मुळात सवयीचेच दिवस होते. अकराव्या दिवशी कोणी घरी आले असते, तर बारावा उजाडला असता.

आणि साचा. मशीन शिट्टी मारते ते बहुतेकदा बिघाडाने नव्हे, बोंडूक सैल असल्याने. वाढवलेला आवाज फटीतून बाहेर येऊन परत माईकमध्ये शिरतो, मंडपातला भोंगा शिट्टी मारतो तसाच. प्रत्येकाचा कान वेगळा, म्हणून त्याच कानाचा साचा घ्यायचा. आधी उजेडात पडदा पाहायचा. मग दोरा बांधलेला छोटा बोळा दुसऱ्या वळणापलीकडे बसवायचा, म्हणजे मसाला पडद्यापर्यंत जाणार नाही. मग पिचकारीने मसाला भरायचा आणि तो घट्ट होईपर्यंत माणसाला बोलते ठेवायचे, जबडा हलू द्यायचा. हे सारे पुस्तक वाचून येत नाही. कायद्यानेही ते कोणीही करायचे नाही. १९९२ च्या भारतीय पुनर्वास परिषद कायद्याने या कामाला नोंदणी लागते. मशीनची दुरुस्ती आणि साचे यांची पदविका आहे, वर्षभराची श्रवण-भाषा-वाचा पदविका आहे, आणि पुढे चार वर्षांची पदवी. मुंबईत वांद्र्याला १९८३ पासून अली यावर जंग संस्था आहे, म्हैसूरला अखिल भारतीय वाक् श्रवण संस्था आहे. विज्ञान शाखेतून बारावी झालेली आपल्याकडची मुले नर्सिंग आणि फार्मसीच्या पुढे पाहत नाहीत, म्हणून हे मुद्दाम लिहिले.

गेल्या उन्हाळ्यात वडवणीकडची एक मुलगी पदविकेला लागली. तिचे आईवडील कोयत्यावर जातात, तिचा स्वतःचा डावा कान लहानपणी दोन हंगाम वाहिला होता. सुट्टीत आली तेव्हा तिने अण्णांचे मशीन मागितले. मी पेटी उघडली. तिने बोंडूक हातात घेऊन उजेडात धरले, फिरवून पाहिले आणि म्हणाली, "काका, हे उजव्या कानाचं आहे. तुम्ही तर सांगत होता की अण्णा डाव्या कानाला लावायचे."

मला ते पंचवीस वर्षांत दिसले नव्हते.